पावसाचा अंदाज, शेताचा सल्ला
कृषी हवामानाच्या कामासाठी काय शिकावे लागते?

दहावीचा निकाल लागला की शाळेत पालकांची ये-जा वाढते. अकरावीला कोणती शाखा घ्यावी, हा एकच प्रश्न असतो आणि उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. गुण भरपूर असतील तर डॉक्टर, थोडे कमी पडले तर इंजिनिअर, त्याहून कमी असतील तर फार्मसी किंवा आयटीआय, आणि काहीच जमले नाही तर मामू आखातात आहेत, ते बघून घेतील. शेती करणाऱ्या घरांतूनसुद्धा शेतीशी जोडलेल्या शिक्षणाचे नाव क्वचितच निघते. "सर, शेतीतून पोरगा बाहेर पडावा म्हणूनच तर शिकवतोय," असे अनेक अब्बा सांगतात.

त्यांचे म्हणणे आम्हाला समजते. शेतीने किती घरांना दमवले आहे, हे आपण सगळेच पाहतो. पण शेतीच्या आजूबाजूला काही कामे अशी आहेत, जेथे नांगर धरावा लागत नाही आणि शेतकऱ्याच्या घरात वाढल्याचा मात्र पुरेपूर उपयोग होतो. कृषी हवामान हे त्यांपैकी एक. आभाळात काय घडणार आहे याचा अंदाज घेऊन शेतात काय करावे, काय थांबवावे, हे सांगणारे हे काम आहे. त्यासाठी कोणते गुण लागतात, कोणते शिक्षण लागते आणि नोकरीची खरी स्थिती काय आहे, हे या लेखात मांडत आहोत.

एका पेरणीची किंमत

जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाले की गावागावांत घाई सुरू होते. शेजाऱ्याने तिफण जुंपली की आपल्यालाही राहवत नाही. सोयाबीन, कापूस, तूर यांचे बियाणे जमिनीत जाते आणि मग पाऊस दडी मारतो. आठ-दहा दिवस आभाळ कोरडे राहिले की उगवलेले कोंब करपतात. मग दुबार पेरणी. पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा मजुरी आणि बहुतेक वेळा पुन्हा उसनवारी. घरातल्या मुलीची फी, अम्मीचे औषध, ईदचे कपडे यांतले काहीतरी त्या दुसऱ्या पेरणीत जाते.

म्हणूनच कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे दरवर्षी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये. हा आकडा ऐकायला सोपा आहे. पण आपल्या शिवारात नेमका किती पाऊस झाला, पुढच्या पाच दिवसांत खंड पडणार आहे का, आपली जमीन हलकी की भारी, या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी एकत्र करून सांगावी लागतात. "आणखी पाच दिवस थांबा" हे चार शब्द योग्य वेळी आणि भरवशाने सांगणारा माणूस एका गावाचे किती पैसे वाचवू शकतो, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

अंदाज एक, सल्ले चार

हवामानाचा अंदाज आणि शेतीचा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, मार्च महिना आहे आणि दोन दिवसांनी २० मिलिमीटर अवकाळी पावसाची शक्यता आहे. अंदाज एकच. पण नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला सांगावे लागेल की तयार घड आधी उतरवून घ्या, पावसाने मणी तडकतात. मराठवाड्यात हरभरा आणि ज्वारी कापून शेतात पडली असेल, तर ती गोळा करून ताडपत्रीखाली घ्या. कोकणात आंब्याला लहान फळे लागली असतील, तर पाऊस उघडल्यावर करपा रोगाकडे लक्ष ठेवा. आणि उसाला पाणी देण्याच्या तयारीत असलेल्या शेतकऱ्याला सांगायचे की ही पाळी थांबवा. एका एकरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ८० हजार लिटर पाणी, तेही विजेच्या बिलाशिवाय.

एकाला जो पाऊस नुकसान, दुसऱ्याला तोच बचत. त्यामुळे या क्षेत्रातल्या माणसाला आभाळ आणि पीक दोन्ही वाचता यावे लागते. नुसते आभाळ वाचणारा हवामानतज्ज्ञ होतो, नुसते पीक वाचणारा कृषितज्ज्ञ. दोघांच्या मधला पूल म्हणजे कृषी हवामानतज्ज्ञ.

पुण्याशी असलेले जुने नाते

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. शेतीसाठी स्वतंत्र शाखा १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि तिची सूत्रे डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आली. शिवाजीनगरच्या त्या कार्यालयातून या विषयाची देशभर पायाभरणी झाली. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वार्तापत्र सुरू झाले. आपल्या नाना-नानींच्या पिढीने संध्याकाळी रेडिओला कान लावून जे ऐकले, ते याच परंपरेतले.

पण शेतीला ऋतूंचा हिशेब लागतो, ही जाणीव त्याहून कितीतरी जुनी आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे त्याचे महिने सगळ्या ऋतूंतून फिरतात. रोजे कधी उन्हाळ्यात येतात, कधी थंडीत. इबादतीसाठी ही रचना आहे, पण पीक आणि शेतसारा तिच्यावर कसा चालणार? म्हणून मुघल काळात महसुलासाठी फसली सन वापरात आला. दख्खनमध्ये आणि जुन्या मराठी कागदपत्रांत दिसणारा शुहूर सन तर सूर्य मृग नक्षत्रात शिरताना सुरू होत असे. म्हणून त्याला 'मृगसाल' असेही म्हणत. सनाचे आकडे अरबी शब्दांत आणि वर्षाची सुरुवात पेरणीच्या तोंडावर! आजही मराठवाड्यातला मुस्लिम शेतकरी मृग आणि आर्द्रा यांचाच हिशेब धरून बोलतो.

आज 'ग्रामीण कृषी मौसम सेवा' या नावाने हे काम चालते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पत्रिका निघते. तिच्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा, ढगांचे प्रमाण आणि त्यानुसार पिकांसाठी सल्ला असतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपल्या राज्यातील चारही कृषी विद्यापीठे या कामाशी जोडलेली आहेत.

पहिला गुण: नजर आणि वक्तशीरपणा

या कामाची सुरुवात संगणकापासून होत नाही. ती होते उघड्या मैदानातल्या एका पांढऱ्या लाकडी पेटीपासून. तिला स्टीव्हनसन पेटी म्हणतात. तिच्या बाजूंना झडपांसारख्या फटी असतात, म्हणजे हवा खेळते पण ऊन थेट आत येत नाही. दार उत्तरेकडे उघडते, तेही उन्हापासून बचावासाठीच. आत चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्या तापमापकाच्या फुग्यावर मलमलीचे कापड गुंडाळलेले असते. ते कापड मळले किंवा सुकले तर आर्द्रतेचा आकडा चुकतो. आर्द्रतेचा आकडा चुकला की द्राक्षावरच्या केवडा रोगाचा किंवा आंब्यावरच्या भुरीचा अंदाज चुकतो, आणि शेतकरी नको ती फवारणी करतो. एका मळक्या चिंधीची किंमत कोठपर्यंत पोहोचते, पाहा.

कृषी वेधशाळेत स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता नोंदी घेतल्या जातात. पर्जन्यमापकातला पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. जमिनीखाली ५, १० आणि २० सेंटिमीटरवरचे तापमान पाहतात, कारण बी उगवते ते जमिनीतल्या उबेवर. एका मोठ्या उघड्या पात्रातले पाणी रोज किती मिलिमीटर आटले, हे मोजून पिकाला किती पाणी हवे ते काढतात. काचेचा एक भरीव गोळा सूर्याचे किरण एकत्र करून खालच्या पट्टीवर जळकी रेघ ओढतो. त्या रेघेच्या लांबीवरून दिवसभरात किती तास स्वच्छ ऊन होते ते समजते.

ही नोंद रविवारीही घ्यावी लागते, ईदच्या दिवशीही आणि मुसळधार पावसातही. दोन दिवसांच्या नोंदी घरी बसून अंदाजाने भरणारा माणूस या कामाला नालायक ठरतो. कोणी पाहत नसताना खरा आकडा लिहिणे, ही या क्षेत्राची पहिली अमानत आहे.

नीट पाहणाऱ्याला काय सापडू शकते, याचे उदाहरण डॉ. रामदास यांचेच आहे. शांत आणि निरभ्र रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, असेच सगळे मानत होते. रामदास यांनी जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजले, तेव्हा सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसून थोडी वर, साधारण वीतभर किंवा त्याहून अधिक उंचीवर असल्याचे दिसले. १९३२ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर परदेशातल्या अनेकांनी शंका घेतली. पुढे ते खरे ठरले आणि हवेच्या त्या थराला 'रामदास थर' हे नाव मिळाले. साधने साधीच होती, पण आकडा डोळ्यांनी पाहिला होता.

दुसरा गुण: गणित, आणि 'कदाचित'चे गणित

भौतिकशास्त्र आणि गणित हा या विषयाचा कणा आहे. हवेचा दाब, वारे, बाष्प, उष्णता यांचे नियम भौतिकशास्त्रातले. या नियमांची समीकरणे महासंगणकावर सोडवून अंदाज तयार होतो. मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केली आहे. ती सुमारे ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती.

रोजच्या कामातले गणित मात्र आठवी-नववीच्या मुलालाही समजेल असे असते. दिवसाचे कमाल तापमान ३२ अंश आणि किमान १८ अंश असेल तर सरासरी २५. अनेक उष्ण हंगामी पिकांची वाढ १० अंशांखाली जवळपास थांबते असे धरतात. म्हणून २५ मधून १० वजा केले की त्या दिवशी पिकाला १५ 'उष्णता दिवस' मिळाले. अशी रोजची बेरीज करत गेले की पीक फुलावर कधी येईल, कीड अंड्यातून कधी बाहेर पडेल, याचा अंदाज बांधता येतो. तारखेपेक्षा ही बेरीज अधिक खरी बोलते, कारण पीक पंचांग पाहत नाही, ऊब मोजते.

याहून अवघड आहे ते शक्यतेचे गणित. "पावसाची शक्यता ६० टक्के" याचा अर्थ असा की अशा दहा दिवसांपैकी साधारण सहा दिवस पाऊस पडतो आणि चार दिवस पडत नाही. अंदाज देणाऱ्याला हे चार दिवस स्वीकारावे लागतात. हंगाम संपल्यावर आपले किती अंदाज खरे ठरले, किती खोटे, याचा तक्ता मांडावा लागतो. त्यासाठी संख्याशास्त्र चांगले यावे लागते.

येथे घरातली बुजुर्ग मंडळी एक प्रश्न विचारतात: पाऊस कधी पडणार हे तर अल्लाहच जाणतो, मग हा अंदाज कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. हवामानतज्ज्ञ गैब जाणल्याचा दावा करत नाही. हकीम नाडी पाहून तापाचे अनुमान करतो, तसा तो वारा, दाब आणि बाष्प या दिसणाऱ्या खुणा पाहून शक्यता सांगतो. 'इतके टक्के' म्हणतानाच त्याने आपल्या ज्ञानाची मर्यादा कबूल केलेली असते. आणि तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तिसरा गुण: पिकाची ओळख

पाऊस तोच, पण पीक कोणत्या अवस्थेत आहे यावर सगळे अवलंबून असते. आंब्याला मोहोर येण्यासाठी रात्रीची थंडी हवी, आणि मोहोर आल्यावर ढगाळ हवा नको. भाताला लावणीच्या वेळी भरपूर पाणी हवे, पण कापणीच्या वेळी तोच पाऊस लोंब्या आडव्या करतो. युरिया टाकल्याबरोबर जोराचा पाऊस आला तर खत वाहून जाते. औषध फवारल्यावर थोड्याच वेळात सर आली तर औषध धुऊन जाते, आणि वारा जोराचा असेल तर ते शेजाऱ्याच्या शेतात किंवा फवारणाऱ्याच्या तोंडावर जाते.

शेतकरी कुटुंबातल्या मुलाला यातले अर्धे न शिकवता येत असते. चाचांबरोबर बागेत गेलेला, आजोबांबरोबर खळ्यावर बसलेला मुलगा पिकाच्या अवस्था नावानिशी सांगतो. शहरातल्या मुलाला हे पुस्तकातून शिकावे लागते. आपल्या मुलांना ज्या गोष्टीची लाज वाटते, तीच येथे भांडवल ठरते.

चौथा गुण: संगणक

नोंदी आता मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित केंद्रांतून येतात. महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी आहेत. इतकी माहिती हाताने हाताळता येत नाही. एक्सेल तर यायलाच हवे. त्यापुढे पायथन किंवा आर यांसारखी संगणक भाषा, नकाशांसाठी जीआयएस, पिकांची हिरवळ दाखवणारी उपग्रह छायाचित्रे वाचणे आणि पिकांच्या वाढीची संगणकीय प्रारूपे चालवणे, हे पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते. बारावीपर्यंत एक्सेल आणि इंग्रजी वाचन पक्के असेल तर पुढचे जड जात नाही.

पाचवा गुण: भाषा

हा गुण आम्ही शेवटी ठेवला, पण मोलाने तो पहिला आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे असेल, पण आमचे लक्ष येथे जास्त जाते. पुढील दोन सल्ले वाचून पाहा.

"पुढील पाच दिवसांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पर्जन्यवृष्टीची शक्यता असून शेतकऱ्यांनी पिकांची योग्य ती काळजी घ्यावी."

"गुरुवारी दुपारनंतर विजांसह पाऊस येऊ शकतो. काढलेला कांदा बुधवारी संध्याकाळपर्यंत चाळीत हलवा. तोपर्यंत फवारणी करू नका. पाऊस उघडून पाने सुकल्यावर करा. गुरुवारी दुपारी जनावरे झाडाखाली बांधू नका."

पहिल्यात काहीच चूक नाही, पण त्यातून शेतकऱ्याने काय करायचे? दुसऱ्यात कोणते पीक, कोणता दिवस, काय करायचे आणि काय टाळायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे आहेत. शिवाय 'तुरळक ठिकाणी' हा शब्द हवामान विभागाच्या भाषेत ठरलेल्या अर्थाने येतो: विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक. शेतकरी मात्र 'जिल्ह्यात पाऊस' एवढेच ऐकतो आणि तो आपल्याच शिवारात पडेल असे समजतो. नाही पडला की म्हणतो, हे हवामानवाले खोटे बोलतात. हे अंतर भाषेनेच मिटवता येते.

आमच्या उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे वारंवार सांगतो. मराठीचा पेपर फक्त पास होण्यापुरता समजू नका. या राज्यातल्या शेतकऱ्याशी, तलाठ्याशी, कृषी सहायकाशी बोलायचे तर मराठी सहज यायला हवी, लिहायलाही आणि ऐकायलाही. घरात उर्दू किंवा दखनी, गावात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारे मूल हे काम इतरांपेक्षा चांगले करू शकते. अट एवढीच की तिन्ही भाषा अर्ध्या-कच्च्या राहू नयेत.

शिक्षणाच्या वाटा

पहिली वाट कृषी पदवीची. बारावी विज्ञान, राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, चार वर्षांची बी.एस्सी. कृषी आणि त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. कृषी हवामानशास्त्र. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. राज्याबाहेर आणंद, लुधियाना, हिस्सार आणि कोइम्बतूर येथील कृषी विद्यापीठेही या विषयासाठी ओळखली जातात. पुढे प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट परीक्षा असते, आणि तिच्यात कृषी हवामानशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे.

दुसरी वाट भौतिकशास्त्र किंवा गणिताची. बी.एस्सी.नंतर वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ येथे ही सोय आहे. हवामान विभागात निवड झालेल्यांसाठी विभागाची स्वतःची प्रशिक्षण संस्था पुण्यात पाषाण येथे आहे.

तिसरी वाट पदवीनंतर थेट नोकरीची. हवामान विभागातील वैज्ञानिक सहायक हे पद कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते. २०२२ च्या जाहिरातीत ९९० जागा होत्या. भौतिकशास्त्र किंवा संगणक विषयातील पदवी अथवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, तीही ६० टक्के गुणांसह, अशी पात्रता होती. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असणे आवश्यक होते. ही भरती दरवर्षी निघत नाही, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते आणि अटी दर वेळी वाचाव्या लागतात.

चौथी वाट लहान वाटते, पण गरजेची आहे. वेधशाळेतील निरीक्षक आणि स्वयंचलित केंद्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ यांचे हे काम. निरीक्षकासाठी साधारणतः बारावी विज्ञान आणि संगणकाचे ज्ञान अपेक्षित असते. केंद्रांचे सौर पॅनेल, बॅटरी, संवेदक आणि माहिती पाठवणारी यंत्रणा दुरुस्त करायला इलेक्ट्रॉनिक्समधला आयटीआय झालेला हुशार मुलगा उपयोगी पडतो.

या वाटांवर एक फाटक आहे आणि ते अकरावीत लागते. आमच्याकडे मुली विशेषतः "गणित नको, बायोलॉजी घेते" असे म्हणून गणित सोडतात. नुसते जीवशास्त्र घेऊनही कृषी पदवीला प्रवेश मिळतो, पण वैज्ञानिक सहायकाचे आणि वातावरणशास्त्राचे दार बंद होते, आणि एम.एस्सी.तले संख्याशास्त्रही जड जाते. झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. मुलींनी अण्णा मणी यांचे नाव लक्षात ठेवावे. केरळमध्ये जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ १९४८ मध्ये पुण्यात हवामान विभागात रुजू झाल्या. परदेशातून येणारी सुमारे शंभर हवामान उपकरणे भारतातच बनावीत म्हणून त्यांनी त्यांचे आराखडे प्रमाणित केले. १९७६ मध्ये त्या विभागाच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

नोकरीची खरी स्थिती

पालकांना फक्त उजळ बाजू दाखवणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून हेही सांगतो. देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा पातळीवर सल्ला देणारी १९९ केंद्रे उघडण्यात आली होती. प्रत्येक केंद्रात कृषी हवामानाचा एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक होता. २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रे बंद करण्यात आली. कंत्राटी पदांवरची शिकलेली, कामात मुरलेली तरुण मुले एका आदेशाने घरी बसली आणि शेतकऱ्यांचा जवळचा सल्लागार गेला. विद्यापीठांतील केंद्रांसह देशातील १३० क्षेत्रीय एककांचे काम सुरू राहिले, पण तेथेही अनेक पदे प्रकल्पावर आणि कंत्राटावर असतात.

दुसरीकडे गरज वाढतेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायत पातळीवर हवामान अंदाज देण्यास सुरुवात केली. अंदाज गावापर्यंत आला, पण त्याचा सल्ला करणारा माणूस गावाजवळ हवाच. हवामानावर आधारित फळपीक विमा केंद्रांच्या आकड्यांवर चालतो, त्यामुळे विमा कंपन्यांना ही माणसे लागतात. स्कायमेटसारख्या खासगी हवामान कंपन्या, ठिबक सिंचन आणि निर्यातक्षम द्राक्ष-डाळिंबाचे गट यांनाही लागतात. आमचा सल्ला असा: केवळ या एका विषयावर सगळी मदार ठेवू नये. कृषी पदवी किंवा संगणक-संख्याशास्त्र असा दुसरा पाय भक्कम ठेवून हा विषय घ्यावा. म्हणजे एक दार बंद झाले तर मूल रस्त्यावर येणार नाही.

आजपासून काय करता येईल?

मुलाचा कल ओळखायला क्लास लावण्याची गरज नाही. सरळ उभ्या बाजूंचा एखादा पत्र्याचा डबा अंगणात किंवा गच्चीवर, भिंत आणि झाडापासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज लिहा. हवामान विभागाचे 'मेघदूत' ॲप मराठीतही आहे. शेतात जाणाऱ्यांनी विजेची सूचना देणारे 'दामिनी' ॲपही मोबाइलमध्ये ठेवावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अशी वही भरली की अंदाज किती वेळा जुळला, हे मूल स्वतः काढू शकेल. विज्ञान प्रदर्शनासाठी यापेक्षा चांगला प्रकल्प आम्हाला सुचत नाही.

पावसाळ्याचे चार महिने एक दिवसही न चुकवता जे मूल ही वही भरील, त्याला या कामाचे बीज लागले आहे असे समजावे. मध्येच सोडले तरी काही बिघडत नाही. निदान त्याला हे काम आपले नाही एवढे लवकर समजेल. जमले तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या वेधशाळेत मुलांची एक भेट ठरवावी. मुख्याध्यापकांनी पत्र लिहिले तर ती सहसा मिळते.

आपल्या समाजातून डॉक्टर, इंजिनिअर व्हावेत, ही दुआ आहेच. पण ज्या गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, ज्या शेतकऱ्यांच्या भाजीवर, धान्यावर आणि फळांवर आपल्या बागवान भावांचे दुकान चालते, त्या गावाला वेळेवर "थांबा" किंवा "पेरा" सांगणारा माणूस आपल्या घरातून निघाला, तर ती खिदमत लहान नाही. यंदा अकरावीचा फॉर्म भरताना गणितासमोरची खूण पुसण्याआधी एकदा मुलीशी बसून बोला. तिला आभाळ वाचायची आवड असेल, तर ते दार तिच्यासाठी उघडे राहू द्या.